दरबानाला अफू

७ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी सूनबाईच्या बँकेची आहे. जानेवारीपासून तिच्या कपाटात कोरी पडून होती, आज माझ्या मांडीवर आणून ठेवली. म्हणाली, "आई, डॉक्टरांनी रोजचं लिहून ठेवायला सांगितलंय. गोळी कधी घेतली, ताप आला का, काय खाल्लं. मी दिवसभर बँकेत, हे फॅक्टरीत. घरात तुम्हीच असता."

म्हणजे रिकामटेकडी मीच. या हिंदी मुलखात लग्न होऊन येण्याआधी आर्वीच्या शाळेत चौथी शिकले, त्यातलीही अर्धी चौथी गोवऱ्या थापण्यात गेली. पण अक्षर या पद्मजापेक्षा बरं आहे. तिचं तर औषधाच्या दुकानदारालाच लागेल.

गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन्ही घेतल्या. ताप नाही. खाल्लं अर्धी पोळी, तीही मी समोर बसून राहिले म्हणून.

एवढंच लिहायचं होतं. पण पान मोठं आहे, आणि बोलायला घरात कोणी नाही.

अंतरा माझी नात, मुलाची, मुरलीधरची एकुलती. वीस वर्षांची. मागच्या दिवाळीनंतर कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला. होळीपर्यंत डोकं साफ. मग भुवया, मग पापण्या. पोट्टी सोललेल्या लसणासारखी दिसते. हे तिच्या तोंडावर मी बोलले नाही, इथे लिहिते. कांद्याचा रस झाला, गोहलपूरच्या बाजारातून आणलेलं काळं तेल झालं, डोक्यात सुया टोचून झाल्या. पद्मजानं टोप आणला तर ती तो घालून आरशात पाहून म्हणाली, "आजी, मी रामलीलेतली सीता दिसून राहिली." टोप आता पलंगाखाली आहे. झाडताना दरवेळी मला वाटतं मांजर मेलं.

कॉलेज सुटलं. मैत्रिणी सुटल्या. फोन उलटा ठेवते.

८ ऑगस्ट

शनिवारी डॉक्टरकडे काय झालं ते राहिलं. डॉक्टर सौमित्र बंगाली आहे, पोरगेलाच. हिंदी असं बोलतो जसा रसगुल्ला तोंडात आहे. पण माणूस सरळ वाटला. म्हणाला, ही गोळी संधिवाताची आहे, केसांसाठी बनलेलीच नाही. काही जणांवर करून पाहिली, केस आले. काहींना नाही आले. गोळी थांबवली की पुष्कळांचे परत गळतात. सगळं आधी सांगतो म्हणाला, मग सही करा.

मी म्हटलं, "बेटा, गुडघे मेरे दुखते हैं और गठिया की गोली छोरी को?"

तो हसला. मग समजावलं. शरीरात शिपाई असतात, रोगाशी लढायला. अंतराचे शिपाई भुलले, केसांच्या मुळांनाच दुश्मन समजून मारून राहिले. गोळी त्या शिपायांना सुस्त करते.

मला एका झटक्यात समजलं. आमचे हे फॅक्टरीच्या गेटावर दरबान होते, सारी नोकरी तिथेच गेली. एका दरबानाचं डोकं फिरलं होतं, तो आपल्याच कामगारांना दंडुका हाणायचा. म्हणजे गोळी त्या दरबानाला अफू चारते. मग कामगार सुखानं आत जातात.

मी विचारलं, "और सच्ची का चोर आ गया तो?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. पद्मजाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, यही तो डर है। इसीलिए कह रहा हूँ। बुखार, खाँसी, कहीं दाने निकलें, जलन हो, तो उसी दिन फोन। अगले दिन नहीं।"

पद्मजानं मोबाइलात टिपून घेतलं. मी डोक्यात.

१३ ऑगस्ट, रविवार

गोळ्या दोन. ताप नाही. वरण-भात, थोडी भेंडी.

एक गोष्ट लिहून टाकते. ही डायरी कोणी उघडणार नाही. पद्मजाला वाटतं यात पोळ्यांचा हिशेब आहे.

जूनमध्ये एका दुपारी अंतरा बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना. नळाचा आवाज नाही. मी हाक मारली, दार वाजवलं, मग दारावर सारं अंग टाकलं. कडी जुनी होती, निघून आली. तिच्या हातात काय होतं ते मी लिहीत नाही. मी ते काढून घेतलं आणि तिला एक झापड मारली. मग तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसून राहिले.  संध्याकाळी मुरलीधर आला तेव्हा मी पेचकस घेऊन कडीचे उरलेले स्क्रू काढत होते. त्याला सांगितलं, गंजली होती.

"नवीन आणतो, माय."

"काही गरज नाही. या घरात कोणाला कोणाचं पाहायचं आहे?"

तेव्हापासून अंतरा आंघोळीला गेली की मी दारासमोर पाटावर बसते. लसूण सोलते. घरात इतका लसूण झाला आहे की पद्मजा विचारते, "आई, लोणचं घालताय का?"

अंतरानं मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. सांगितलं नाही. म्हणून ही गोळी लागू पडली पाहिजे. केस शोभेसाठी नकोत मला. मला हा पाट उचलायचा आहे.

२१ ऑगस्ट, नागपंचमी

आज दिंडं केली. काही चिरलं नाही, तळलं नाही. पण माझा धंदा आजच यायचा होता. शेजारची दुबाइन आपल्या भावाला घेऊन ओट्यावर हजर. कमरेला नागीण. उजव्या अंगाला पट्टाच्या पट्टा, फोडच फोड, माणूस वाकडा होऊन चालून राहिला.

नागीण उतरवायची विद्या माझ्या आईची. गेरू दगडावर तांदळाच्या धुवणात उगाळायचा, नागिणीच्या तोंडापासून शेपटीपर्यंत बोटानं लेप द्यायचा, मनात आईनं दिलेले शब्द म्हणायचे. दोन्ही टोकं भेटू द्यायची नाहीत. भेटली तर माणूस जातो. माझ्या हातचा एकही गेला नाही. रांझीतल्या फॅक्टरीच्या क्वार्टरांतून अजून लोक येतात. मी पैसा घेत नाही, पैसा घेतला की विद्या जाते.

दुबाइन म्हणाली, "अम्माजी के हाथ में जस है। डॉक्टर तो बस गोली ठूँसते हैं।"

जस आहेच, हाताला यश आहे. खोटं काहून बोलू?

अंतरा खिडकीतून पाहत होती. आत आले तर म्हणाली, "आजी, तू त्यांना आत घेतलं नाहीस ना? इन्फेक्शन होतं." डॉक्टरचं बोलणं तिनंही डोक्यात ठेवलं म्हणायचं.

म्हटलं, "ओट्यावरच केलं. हात साबणानं धुतले, दोनदा. आणि तुला लहानपणी माता येऊन गेली आहे, अंगभर कांजिण्या, तुला काय धाड भरते?"

२९ सप्टेंबर

महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. त्यांना केसांचं गंगावन लावताना मी अंतराकडे पाहिलं नाही. मातीच्या मुखवट्यांना केस आहेत.

डोकं तसंच. अंतरा गोळी घेते, पाणी पिते, झोपते. आज म्हणाली, "आजी, किसी काम की नहीं है ये दवाई." मी म्हटलं, "धीर धर." माझ्या तोंडून धीर शब्द निघाला म्हणून तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं.

लसूण संपला. आता पाटावर बसून वाटाणे सोलते.

१७ ऑक्टोबर

मानेवर आहे! खाली, मानेच्या खळग्यात. चष्म्यानं दिसत नव्हतं, हाताला लागलं. पीचच्या सालीवर असते तशी लव. मी बोट फिरवलं तर ती दचकली.

"काय आहे?"

"हात मागे ने, पाहा."

तिनं हात नेला. तसाच ठेवला. मग भिंतीकडे तोंड केलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कढईवर कढई आदळली. मुरलीधर म्हणाला, "माय, काय झालं?" म्हटलं, "काही नाही. तुझ्या पोरीच्या मानेवर गवत उगवलं."

१२ नोव्हेंबर, दिवाळी

पहाटे अभ्यंगाला तिच्या डोक्याला तेल लावलं. केस बोटाच्या पेराएवढे आहेत, काही पांढरे, काही काळे. माझ्या हाताखाली टोचतात. भुवया आल्या आहेत, डावी जरा वर. मी म्हटलं, "डावी भुवई तुझ्या आजोबांची. सारखा संशय."

ती हसली. खरोखरची. तोंडातला चकलीचा चुरा बाहेर आला.

पद्मजा दारात उभी राहून रडत होती. तिला म्हटलं, "रडायचं तर आंघोळ करून रड, तेल निथळून राहिलं." सून चांगली आहे. बोलायची सवय नाही मला.

आज पाटावर बसले नाही. पण स्वयंपाकघरातून नळाचा आवाज ऐकत होते.

२८ नोव्हेंबर

अंतरा कॉलेजात गेली. आखूड केस मोकळे ठेवून, ओढणी न घेता, बसनं. परत आली तर मैत्रिणी म्हणाल्या म्हणे, "क्या स्टाइल है यार!" जगाची अक्कल पाहा. पोरगी मरून परत आली आणि यांना स्टाइल दिसली.

गोळ्या दोन. ताप नाही. पोटभर जेवली. मध्ये पुष्कळ दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही वाईट नव्हतं.

९ डिसेंबर, शनिवार

दोन दिवसांपासून अंतराचं कपाळ दुखून राहिलं, उजवीकडचं. केसांना हात लावू देईना. वाटलं थंडी बाधली. आज दुपारी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

उजव्या भुवईवर लाल पट्टा. त्यावर फोडांचा घोस, मोत्यासारखे. पट्टा वर केसांत गेलेला.

मला पाहिल्याबरोबर समजलं. नागीण.

तिलाही समजलं होतं. मोबाइलवर पाहून बसली होती. माझं मनगट पकडलं. "आजी, डॉक्टरला सांगायचं नाही. त्यांना सांगितलं तर गोळी बंद होईल. गोळी बंद तर केस जातील. आजी, मी परत तसं नाही राहू शकत. तुला माहीत आहे मी काय करते."

मला माहीत आहे. सांगणार नाही, असं वचन दिलं.

"तू उतरव ना. तू सगळ्यांची उतरवतेस."

पद्मजा ट्रेनिंगला भोपाळला गेली आहे, बुधवारी येईल. मुरलीधर रात्रपाळीवर. डॉक्टर म्हणाला होता, दाणे निघाले तर फोन. दाणे म्हणजे पुरळ, घामोळ्या, तसलं. नागीण म्हणजे नागीण. ती माझ्या खात्यातली.

गेरू उगाळला. भुवईपासून केसांपर्यंत लेप दिला. नव्या केसांत लाल चिखल झाला. शब्द म्हणताना माझी जीभ एकदा अडली. आजवर कधी अडली नव्हती.

गोळ्या दोन. ताप, मला वाटतं, थोडा. लिहू की नको?

लिहिला.

१० डिसेंबर

लेप दोनदा दिला. फोड वाढले. डोक्यात मधोमध पोचले पण मधली रेघ ओलांडली नाही. उजवी बाजूच. टोकं भेटत नाहीत, हे चांगलं.

मुरलीधरनं जेवताना विचारलं, "पोरगी कुठे आहे?" म्हटलं, "बायकांचं दुखणं आहे, तू आपली आमटी खा." तो बिचारा मुकाट्यानं आमटी खात राहिला. पुरुषांना गप्प करायला हे एक वाक्य पुरतं.

रात्री ती कण्हत होती. मी तिचे पाय दाबत बसले. कपाळाला तर हात लावू देत नाही.

११ डिसेंबर, सोमवार

नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला. मला बरं वाटलं. नागीण खाली उतरून राहिली, शेपटी नाकावर आली, म्हणजे संपत आली. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पक्का?" म्हटलं, "माझ्या हातचा एक तरी गेला का?"

उजवा डोळा सुजला आहे, अर्धा बंद. गेरूचं पाणी गेलं असेल आत. स्वच्छ पाण्यानं धुतला.

दुबाइनचा भाऊ आठवला. त्याची तिसऱ्या दिवशी सुकायला लागली होती. दारूडा आहे तो, अंगात रक्त नाही, तरी सुकली. हिची काहून नाही सुकत?

१२ डिसेंबर, सकाळ

झोप नाही. माझ्या डोक्यात गिरणी चालू आहे. हे दरबान होते ना, ते म्हणायचे, इंदू, चोर भिंतीला भीत नाही, भिंतीमागे कोणी जागं आहे याला भितो.

दुबाइनच्या भावाच्या अंगात दरबान जागा होता.

१२ डिसेंबर, दुपार

तिला गरम पाणी दिलं. तिनं डावा डोळा हातानं झाकून नुसत्या सुजलेल्या उजव्या डोळ्यानं पाहत पेल्याला हात घातला. हात पेल्याच्या बाजूला पडला. तिनं परत घातला. परत बाजूला. पाणी चादरीवर सांडलं.

"आजी, सगळं धुक्यात आहे."

मी उठले. फोन तिच्या उशाशी होता, तो घेतला.

"कोणाला लावते?"

"डॉक्टरला."

ती पलंगावरून उतरली, माझ्या हातावर झडप घातली. अंगात ताप, तरी पोट्टीत जोर किती. "तू शपथ घेतली होती! आजी! तू वचन दिलं होतं!"

"दिलं होतं. मोडलं."

"मेरे बाल चले जाएँगे!"

"जातील."

"मग मी—"

"मग तू काय करशील ते मला ठाऊक आहे. तेही सांगते डॉक्टरला. आता सगळं सांगते."

ती माझ्याकडे जशी पाहत होती, तसं या जन्मात माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. माझ्या सासूनंही नाही, आणि ती बाई साधी नव्हती.

नंबर मला लावता येत नाही. नाव वाचता येतं, पण ते इंग्रजीत होतं. मी दारात जाऊन ओरडले, "दुबाइन! ओ दुबाइन! जल्दी आओ, चश्मा लेके आओ!"

१५ डिसेंबर

दवाखान्यात आहे. डायरी पिशवीत होती. नातीला सलाइनमधून औषध चालू आहे, डोळ्यात तासातासाला थेंब. पद्मजा भोपाळहून पहिली गाडी पकडून आली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं होतं.

सौमित्र डॉक्टर त्या दिवशी ऑटोपर्यंत धावत आला होता. अंतराच्या कपाळावरचा लाल लेप पाहून थांबला.

"अम्मा, ये क्या लगाया है?"

"गेरू."

"कब से?"

"शनिवार से."

तो ओरडला नाही. डोळे मिटून उभा राहिला, मग नर्सला हाका मारल्या. संध्याकाळी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, याचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलं तर चांगलं चालतं. नाकाच्या शेंड्यावर फोड आला म्हणजे तीच नस डोळ्यात जाते, डोळ्याला धोका. डोळा जाणार नाही असं वाटतं, पण डाग राहू शकतो. गोळी बंद केली आहे.

नाकाच्या शेंड्यावर. आणि मी तिला म्हटलं होतं, संपत आली.

मी विचारलं, "नागिन आई कहाँ से? हम तो किसी को अंदर नहीं आने देते थे."

"बाहर से नहीं आई, अम्मा। बचपन में माता निकली थी ना? वही अंदर सोई रहती है। बरसों। शरीर पहरा देता है तो सोई रहती है।"

"और जिनको मैंने गेरू लगाया? सब ठीक हुए."

तो आवाज खाली करून म्हणाला, "ज़्यादातर लोगों में अपने-आप ठीक हो जाती है, अम्मा। कुछ न लगाओ तब भी।"

तो गेला. मी बाकावर बसून राहिले. मांडीवर हात होते, नखांत गेरू. म्हणजे आजवर मी एकही नागीण उतरवली नाही. प्रत्येकाचा दरबान उतरवत होता. मी नुसता वरून ओटा सारवत होते, आणि लोक माझ्या पाया पडत होते. जिच्या अंगात दरबानच निजला होता, तिच्याशी गाठ पडली तेव्हा माझ्या जसाची किंमत कळली.

नळावर जाऊन हात घासले. नखांतून गेरू लवकर निघत नाही.

१६ डिसेंबर

बाथरूमचं डॉक्टरला सांगितलं. मग मुरलीधर आणि पद्मजालाही. मुरलीधर म्हणाला, "माय, कडी गंजली होती म्हणाली होतीस तू." म्हटलं, "हो." तो उठून जिन्यात गेला. माझा पोरगा जिन्यात बसून रडतो, बापासारखाच. पद्मजानं माझा हात धरला. मी ओढून घेतला नाही.

डॉक्टरनं आणखी एक डॉक्टरीण पाठवली, प्रणोती नावाची. ती औषध काही देत नाही, नुसती बोलते. म्हणजे अंतरा बोलते, ती ऐकते. आम्हाला बाहेर काढते. तासभर काय बोलतात देव जाणे. मी सांगितलं, "बाई, हिला आधी जेवू दे." ती म्हणाली, "आजी, तुम्हीही जेवा." आगाऊ आहे. पण मराठी साफ आहे.

अंतरा माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड करते.

२७ डिसेंबर

घरी आणलं. खपल्या धरल्या. कपाळावर खड्डे राहतील. उजव्या डोळ्यात चांदणीएवढा पांढरा डाग आहे, वाचता येतं पण अक्षर ओलं दिसतं म्हणते. हे पद्मजाला म्हणते, मला नाही.

पाट परत दारासमोर ठेवला. आता लपवाछपवी नाही, कधी मी, कधी पद्मजा, कधी मुरलीधर पेपर घेऊन. ती आत जाताना आमच्याकडे पाहतही नाही.

१५ जानेवारी, संक्रांत

उशीवर केस. सकाळी चादर झटकायला गेले तर दिसले. आखूड, काळे. मी ते मुठीत घेतले आणि कुठे टाकावे समजेना. गटारात नको. तुळशीत नको. पदराच्या टोकाला बांधले.

तिनं पाहिलं. काही बोलली नाही.

तिळाचे लाडू केले. एक तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "गोड बोल म्हणत नाही. शिव्या दे, पण बोल." लाडू खाल्ला. बोलली नाही.

हे दिवस माझ्यानं लिहवत नाहीत. तिची खोली, नळाचा आवाज, परत खोली, हेच ऐकत दिवस जातो. पद्मजानं बँकेत सुटी वाढवली. प्रणोती डॉक्टरीण आठवड्यातून एकदा फोनवर. मी देवाला काही मागत नाही, मागून पाहिलं आहे.

२ फेब्रुवारी

रांझीहून एक बाई नवऱ्याला घेऊन आली. पाठीवर नागीण. "अम्माजी, आपका नाम सुनके आए हैं।"

ओटा, दगड, सगळं समोर. नवरा शर्ट वर करून बसला. अंतरा खिडकीत होती, डोक्यावर दहा-वीस ठिकाणी टक्कल. कान माझ्याकडे.

मी म्हटलं, "पहले डॉक्टर। आज ही। उसकी पर्ची लाके दिखाओ, फिर गेरू लगाऊँगी।"

"लेकिन आपके हाथ में तो..."

"मेरे हाथ में गेरू है। और कुछ नहीं है। शुगर है इसको? कोई गोली खाता है?"

"शुगर तो है।"

"तो यहाँ बैठी क्यों है? उठ! आँख-वाँख बचानी है तो भाग!"

बाई घाबरली. नवऱ्याला घेऊन पळाली. चप्पल उलटी घालून.

आतून आवाज आला. हसल्यासारखा. खोकलाही असेल. मी विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

डोकं साफ झालं. उरलेले तिनं आज स्वतः मुरलीधरच्या मशीननं काढले, बैठकीत, सगळ्यांसमोर, खाली पेपर अंथरून. मशीन पद्मजानं धरायला मागितली, तिनं दिली नाही. मागचं राहिलं तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसली. बोलली नाही, पण पाठ करून बसली. मी काढले. 

डॉक्टर म्हणतो, सहा महिन्यांनी पाहू. दुसरी गोळी आहे, आधी नागिणीचा टीका, म्हणजे लस, टोचून. येतील, नाही येतील. त्यालाही माहीत नाही, आणि माहीत नाही असं तो तोंडानं बोलतो, हे मला त्याचं आवडतं.

१९ फेब्रुवारी

आज अंतरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात टॉवेल, खांद्यावर कपडे. कपाळावर खड्डे, एक डोळा ढगाळ, भुवया नाहीत. मी पाटावर, हातात वाटाणे.

"आजी."

डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

"कडी लाव."

मी वाटाणे खाली ठेवले. 

"तू दाराशी बसतेस, बाबा बसतात. बाबा बसले की मला आंघोळच करता येत नाही, आजी. शरम येते." मग खाली पाहून म्हणाली, "मी प्रणोतीमॅमला विचारलं. त्या म्हणाल्या, तुझं तुला काय वाटतं. मला वाटतं लाव."

"आणि मी नाही लावली तर?"

"तर रोज विचारीन. तुझीच नात आहे."

घरात कडी होती, पिठाच्या डब्याच्या मागे. मी फेकली नव्हती. गंजलेलीही नव्हती. पेचकस घेऊन बसले. भोकं मोठी झाली होती, स्क्रू धरेना. काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे भोकांत ठोकले, मग घट्ट बसले. आमचे हे असंच करायचे. अंतरा टॉवेल घेऊन उभी होती, मला स्क्रू देत. एक दिला तो हातातून पडला, दोघी खाली वाकलो, डोकी आपटली. तिचं डोकं उघडं, माझं पदराखाली.

"लागलं?"

"तुझं डोकं दगड आहे," मी म्हटलं.

पद्मजाला हाक मारून दाखवली. पद्मजानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, "आई, नक्की?" म्हटलं, "नक्की मला काही माहीत नाही."

अंतरा आत गेली. दार लागलं. मग कडी. नवीन स्क्रूची कडी घासून लागते, आवाज मोठा होतो, साऱ्या घराला ऐकू गेला असेल. मग नळ.

मी पाट उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन उभा केला. वाटाण्याची भाजी टाकली. नळ चालू होता. फोडणी दिली. नळ बंद झाला. मी गॅस बंद केला, ऐकण्यासाठी.

मग बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, आणि अंगावर पाणी पडल्याचा, आणि तिचा आवाज, थंडीनं कुडकुडत, "आजी! गीझर किसने बंद किया?"

मीच केला होता. सवयीनं. जाऊन लावला.